सॉफ्टवेअर विकताय? मग आधी ते बसवणं सोपं करा!

दुकानांसाठी बिलिंगचं किंवा स्टॉकचं सॉफ्टवेअर विकायचंय, असं सांगणारे बरेच जण भेटतात. फीचर्सची यादी सगळ्यांची तयार असते. माझा प्रश्न एकच असतो: दुकानदार ते स्वतः बसवू शकतो का? उत्तर ‘नाही, आम्ही जाऊन बसवून देतो’ असेल, तर माझ्या मते तुमचं प्रॉडक्ट अजून अर्धंच झालंय.

साधा हिशोब करू. लालबाग ते गिरगाव पट्ट्यात तुमची 100 दुकानं आहेत. जाऊन-येऊन, बसवून एका दुकानाला 2 तास धरा. दिवसाला 4 दुकानं, म्हणजे 25 दिवस. आणि हे एकदाच नाही, प्रत्येक अपडेटला!

2025 चंच बघा. जीएसटीचे नवे दर 3 सप्टेंबरला जाहीर झाले आणि 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. हातात 19 दिवस, त्यात गणपती विसर्जन. तुम्हाला लागणार 25. मग उरलेल्या दुकानांनी ऐन नवरात्रात कुठल्या दराने बिलं फाडायची?

ही अडचण फक्त छोट्यांची नाही. आयबीएमने 1988 मध्ये एएस/400 आणला. काउंटरवरच्या पीसीपेक्षा मोठा, मेनफ्रेमपेक्षा लहान, म्हणून ‘मिडरेंज’. त्याचीच पुढची पिढी आज ‘आयबीएम आय’ नावाने चालते. मशीन दणकट, पण त्यावर पायथनसारखी ओपन सोर्स साधनं आधी ‘5733-ओपीएस’ नावाच्या एका गठ्ठ्यातून यायची. 2018 मध्ये आयबीएमने लिनक्सवाल्यांची ‘आरपीएम’ आणि ‘यम’ ही पद्धत तिथे आणली. आता एक कमांड द्या. हवं ते पॅकेज येतं, त्याला लागणाऱ्या बाकीच्या फाइल्सही सोबत येतात. कमांड नको असेल तर मेन्यूतून निवडा. मशीन तेच, पण नवीन गोष्ट वापरून बघायची कटकट गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला हे काम करावंसं वाटलं, मग आपण का टाळायचं?

काही जण म्हणतात, ‘सर, इन्स्टॉलेशन चार्ज हीच तर आमची कमाई!’ मला हे पटत नाही. ती मजुरी आहे, आणि तुम्ही आजारी पडलात की बंद. पैसे घ्यायचेत तर ट्रेनिंगचे घ्या, वार्षिक सपोर्टचे घ्या. तिथे दुकानदाराला खरंच तुमची गरज असते.

मग करायचं काय?

1. सगळं एकाच सेटअप फाइलमध्ये द्या. ‘आधी हे डाउनलोड करा, मग ते’ नको.
2. दुकानातल्या जुन्या, 4 जीबी रॅमच्या पीसीवर चालवून बघा. इंटरनेट बंद असतानाही इन्स्टॉल झालं पाहिजे.
3. अपडेटच्या आधी डेटाचा बॅकअप आपोआप झाला पाहिजे. वर्षभराची उधारी उडाली, तर तो दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही.
4. सूचना मराठीत, एका पानावर, फोटोंसकट द्या.

शेवटची परीक्षा: ओळखीच्या एखाद्या किराणावाल्या काकांना पेनड्राइव्ह द्या आणि बाजूला गप्प उभे राहा. ते जिथे अडतील, तिथे काकांना शिकवू नका, सॉफ्टवेअर सुधारा. काका न विचारता पहिलं बिल काढतील, त्या दिवशी विक्रीला बाहेर पडा.