शस्त्रधारी संयम : जनरल थोरात यांचे स्मरण

गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत. संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा त्यागावी. स्वजनांच्या व देशाच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला पूर्णतः टाळता येत नाही. म्हणूनच, शस्त्र केव्हा बाजूला ठेवावे हे जाणणारा योद्धा आपल्याला आदरणीय वाटतो. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (1906-1992) हे जैन नव्हते, तरी ते असेच योद्धे होते.

सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते 1926 साली सैन्यात अधिकारी झाले. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत थिमय्या, सेन व थोरात या तीन भारतीय अधिकाऱ्यांनी आपापल्या पलटणींचे नेतृत्व केले आणि तिघांनाही डी.एस.ओ. हा शौर्यसन्मान लाभला.

मात्र त्यांच्या धैर्याची खरी कसोटी लागली ती कोरियात. 1953 साली तेथील सुमारे 22 हजार युद्धकैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला छावणीत पकडून ठेवले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले. पाहुण्याला साधा चहाही विचारत नाही, हे कसले तुमचे आतिथ्य, असे त्यांनी कैद्यांना विचारले. वातावरण निवळले आणि अधिकारी सुखरूप सुटला. बंदुकीने जे रक्ताविना साधले नसते, ते एका शब्दाने साधले.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाचा इशारा दिला. तो मानला गेला नाही. 1961 साली ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी तो इशारा दुर्दैवाने खरा ठरला. अशा वेळी मनात कटुता साठणे स्वाभाविक होते. थोरातांनी मात्र निवृत्तीनंतरही महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळून सार्वजनिक सेवा चालू ठेवली.

सैनिकाच्या संसाराला बदल्या व विरह यांचे दान आधीच मिळालेले असते. तरीही या घराने काय घडवले, ते व्यापारी कुटुंबांनी अवश्य पाहावे. पुत्र यशवंत थोरात ‘नाबार्ड’चे अध्यक्ष झाले; स्नुषा उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या. एकाकडे शेतकऱ्याच्या कर्जाची चिंता, तर दुसरीकडे ठेवीदाराच्या विश्वासाची राखण. निवृत्तीनंतर दोघांनीही कोल्हापूरलाच घर मानले.

पेढी वारसाहक्काने देता येते, पत देता येत नाही. ती प्रत्येक पिढीला स्वतः मिळवावी लागते. मुलांना ती मिळवण्याचे बळ येते ते वडीलधाऱ्यांच्या आचरणातून. आपण घरातल्या मुलांसमोर रोज कोणते आचरण ठेवतो, याचा हिशेब वहीपूजनाच्या दिवशी तरी प्रत्येकाने मांडावा.