बोलावणाऱ्याचे बळ

कापसाची पहिली वेचणी घरात आली, सोयाबीनचे चार पैसे हाती पडले आणि रात्री अंगावर घोंगडे ओढावेसे वाटू लागले, म्हणजे देवळी तालुक्यातील भिडी, नाचणगाव, विजयगोपाल यांसारख्या गावांच्या ओट्यांवर एक जुनाच प्रश्न नव्याने निघतो : यंदा गावात काय बोलवायचे? दंडार, खडी गंमत, शाहिरी, खंजिरीवरचे भजन, की झाडीपट्टीतले एखादे नाटक? ज्या बैठकीत याचा निर्णय होतो तीत बहुधा कलावंत कोणी नसतो. असतात ते दोनचार शेतकरी, एखादे गुरुजी, एखादा दुकानदार आणि हाताशी धावपळीला तरुण पोरे. वर्गणीचे पुस्तक यांच्याच हाती, मंडपाचा हिशेब यांच्याच माथी, आणि ऐन प्रयोगाच्या रात्री अवकाळी पाऊस कोसळला तर येणारी तूटही यांच्याच पदरी. कलावंताची नोंद सरकारी दफ्तरात कोठे ना कोठे सापडते. त्याला गावात बोलावणाऱ्याचा विचार मात्र तेथे फारसा झालेला आढळत नाही, आणि फिरत्या कलांच्या आजच्या हलाखीचे कारण पुष्कळ अंशी या उपेक्षेत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना 1954-55 पासून चालत आली आहे; आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि 2024 पासून तीत दरमहा 5,000 रुपये मिळतात. केंद्राच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूस दरमहा 15,000 रुपयांची तरतूद आहे. तमाशाच्या फडांना अनुदान आहे, व्यावसायिक नाटकांना प्रयोगागणिक साहाय्य आहे, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे कार्यालय तर नागपुरासारख्या हाकेच्या अंतरावर आहे. हे सर्व स्तुत्य होय. परंतु यांतील बहुतेक द्रव्य एक तर कलाकृती उभी राहताना खर्ची पडते, नाही तर कलावंत थकल्यावर त्याच्या हाती येते. या दोहोंच्या मध्ये जे त्याचे खरे आयुष्य, म्हणजे ट्रकमधला प्रवास, परक्या गावचा मुक्काम आणि प्रयोगाची रात्र, त्याची तजवीज कोणी करावयाची?

आपल्या जुन्या गावगाड्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले होते. गोंधळी, भाट, वाजंत्री यांची गणना अलुतेदारांत होई, आणि सुगीच्या वेळी खळ्यावरील राशीतून त्यांना जे धान्य मिळे त्यास कोणी भिक्षा म्हणत नसे. तो हक्क होता. त्या व्यवस्थेत जातीची जी बेडी होती ती तुटली हे उत्तमच झाले, आणि तिच्यासाठी उसासा टाकण्याचे पाप आम्ही करणार नाही. तथापि बेडीबरोबर हक्कही गेला, आणि त्याच्या जागी जे आले ते बव्हंशी कृपेच्या स्वरूपाचे आहे. दरखास्त करावी, दाखले जोडावेत, तालुक्याला खेटे घालावेत, आणि मंजुरीची वाट पाहता पाहता डफाचे चामडे सैल पडावे, अशी स्थिती कलावंताच्या स्वाभिमानाला शोभणारी नाही. गावाने बोलावले, प्रयोग झाला, ठरलेली बिदागी हाती पडली, हाच त्याच्या मानाचा मार्ग होय. आणि तो मार्ग मोकळा ठेवावयाचा असेल तर बोलावणाऱ्याच्या अंगी बळ असले पाहिजे.

याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टीची रंगभूमी मुख्यतः तिकिटावर उभी आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस आले की गावोगावची मंडळे वडशाच्या नाटक कंपन्यांशी करार करतात, शेतात मंडप घालतात, आणि पाहुण्यांनी भरलेले गाव पहाटेपर्यंत नाटक पाहते. 800 भूमिका आणि 5,000 हून अधिक प्रयोग ज्यांच्या नावावर सांगितले जातात त्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या विदर्भाला धन्यता वाटली. परंतु त्या हजारो प्रयोगांपैकी प्रत्येकामागे कोणते तरी एक मंडळ उभे होते आणि त्याने कोणत्या तरी एका रात्रीचा धोका पत्करला होता, याचे स्मरण त्या समारंभात कितीजणांना झाले असेल?

वर्धा जिल्ह्याच्या या पश्चिम भागात मंडई-शंकरपटाची तशी घट्ट साखळी नाही, आणि म्हणून येथील मंडळांना धोका अधिक जाणवतो. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे लोकार्पण होऊन देवळी रेल्वेच्या नकाशावर आली, रस्तेही सुधारले. पण नेपथ्याच्या फळ्या, पडदे, दिवे आणि पेटी-तबला घेऊन निघालेला संच ट्रकनेच येणार, आणि तो एका रात्रीसाठी आला तर त्याचे जाण्यायेण्याचे सारे भाडे त्या एकाच गावाच्या माथी बसणार. हेच पुलगावापासून भिडीपर्यंतच्या चार गावांनी ओळीने चार रात्री ठरविल्या तर भाडे चौघांत वाटले जाईल आणि कलावंतांना सलग चार रात्रींची कमाई होईल. इतकी साधी गोष्ट घडत नाही, कारण चार मंडळांना एकत्र बसविणारा आणि तुटीची हमी देणारा कोणी नाही.

ही हमीची कल्पना आकाशातून पडलेली नव्हे. 1940 साली, महायुद्ध चालू असताना, ब्रिटनने नाटके आणि गाणी लहानलहान गावांपर्यंत नेण्यासाठी एक मंडळ स्थापिले. ओल्ड व्हिकचे नट वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या गावांतून शेक्सपिअर करीत हिंडले. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी पुढे त्याचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि 1946 साली त्यातूनच तेथील आर्ट्स कौन्सिल उदयास आली. तिच्या साहाय्याचा एक प्रकार तुटीच्या हमीचा होता : खर्च आणि उत्पन्न यांची तोंडमिळवणी झाली नाही तरच, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, पैसा द्यावयाचा. ज्या गावाचा प्रयोग भरला त्याला तिजोरीतून दमडी द्यावी लागत नाही. आणि ज्याचा पावसात गेला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावण्याचे धैर्य उरते.

यावर आक्षेप येईल की सरकारी पैसा आला म्हणजे त्यामागून पुढाऱ्याचा फलक येणार, आणि गावचे नाटक प्रचाराची सभा होणार. भय खरे आहे; म्हणूनच कोणते नाटक, कोणता शाहीर, हे ठरविण्याचा अधिकार संपूर्णपणे गावाकडेच राहिला पाहिजे, आणि व्यासपीठावर कोणाचा फोटो लागावा याची अट अनुदानाला चिकटता कामा नये. दुसरा आक्षेप लबाडीचा. त्याला उपाय असा की तिकिटांचा आणि खर्चाचा हिशेब आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कोणत्या रात्री किती माणसे बसली होती हे गावाला ठाऊक असते, आणि गावाच्या डोळ्यांइतका कडक लेखापरीक्षक कोणत्याही खात्यात सापडावयाचा नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्यास 96 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थाटात पार पडले, आणि ते थाटात झाले याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु संमेलन तीन दिवसांचे. गावातला हंगाम दरसालचा. एक पानी अर्ज, तालुक्याच्या ठिकाणी निर्णय, दसऱ्यापूर्वी मंजुरी, वाहतुकीचा अर्धा खर्च आगाऊ आणि उरलेल्या तुटीची मर्यादित हमी, एवढेच आम्ही मागत आहोत. पेरणीपूर्वी हाती पडते तीच तगाई शेतकऱ्याच्या कामाची, हे विदर्भाच्या शासकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. वर्धा जिल्हा नियोजन समितीने आपल्या पुढील आराखड्यात या कामासाठी एक लहानशी तरतूद करावी आणि तिचा प्रारंभ देवळी तालुक्यातील चार गावांच्या एका फेरीने करावा.