टाकीला कागदाची अर्थिंग चालत नाही



कशेडी घाट उतरून पोलादपूरवरून महाडकडे निघालात, की रस्त्याला डिझेल-पेट्रोलचे पंप लागतात. आत वळलात तर खडीच्या क्रशरवर, रस्त्याच्या ठेकेदाराच्या आवारात डिझेलच्या टाक्या दिसतात. आमचा पॉवर टिलर, भातझोडणीचे यंत्र, ग्रासकटर या टाक्यांवरच चालतो. नळी धरून उभा असतो तो आमच्याच वाडीतला पोरगा. म्हणून या टाकीचा प्रश्न हा शेतकऱ्याच्या घरचा प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही अशा एका आवारात गेलो. अर्थिंगचा खड्डा दाखवा म्हटले. सिमेंटचे झाकण उचलले तर आत पाचोळा. पट्टी गंजून पाटापासून सुटलेली. कोळसा नाही, मीठ नाही, पाण्याचा थेंब नाही. कचेरीतल्या फायलीत मात्र दाखला होता, सहीशिक्क्यासकट, आकडा झकास! सही करणारा माणूस कधी आला होता, असे विचारले. कोणाला आठवेना. काम केले होते गावातल्या पंखे-मोटार दुरुस्त करणाऱ्या पोराने. परमिट दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचे आणि मरण भलत्याचेच.

अर्थिंग कशासाठी असते? मोटारीची वायर बॉडीला लागली तर करंट माणसातून न जाता जमिनीत जावा, हे आपल्या विहिरीवरच्या पंपाने आपल्याला शिकवले आहे. टाकीचे दुखणे याहून पुढचे आहे. डिझेल-पेट्रोल नळीतून वाहताना घासते आणि त्या घासण्यातून वीज साचते. ती दिसत नाही, मीटरवर येत नाही. वाट मिळाली तर मुकाट्याने जमिनीत उतरते, नाही मिळाली तर उडी मारते. पेट्रोलच्या वाफेला तेवढी ठिणगी पुरते. म्हणून टँकर आला की आधी अर्थिंगचा चिमटा, मग झाकण, मग नळी. काढताना उलटा क्रम, चिमटा सर्वांत शेवटी. पाच मिनिटे वाचवायला चिमटा खुंटीवर टांगून ठेवणारे आवार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कायदा नाही असे नाही. पेट्रोलियम नियम २००२ सांगतात की टाकीच्या अर्थिंगचा रोध ७ ओहमच्या वर जाता कामा नये, वर्षातून एकदा तरी जाणकार माणसाने तो मोजावा आणि नोंद ठेवावी. विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे, हे १९५६ च्या नियमांत होते आणि २०२३ च्या नियमांतही आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यापुरती सूट आहे. टाकीची अर्थिंग म्हणजे पंखा बदलणे नव्हे!

आता जमिनीचे बघा. आमच्याकडे वर जांभा, खाली काळा कातळ. ऑगस्टात डोंगर पाझरत असतो, तेव्हा खिळा ठोकला तरी अर्थिंग चांगली दिसते. मे महिन्यात तीच जमीन ठणठणीत कोरडी होते आणि रोध वर चढतो. मग मोजमाप कधी करायचे? कोणताही शेतकरी सांगेल, विहिरीचे पाणी मेमध्येच बघायचे असते. त्यात २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले ते आपण विसरलेलो नाही. पुरात जमिनीखालची रिकामी टाकी पाण्याच्या रेट्याने वर उचलली जाऊ शकते. पट्ट्या ताणतात, जोड सुटतात, वर गाळ बसतो. पूर ओसरल्यावर पुन्हा न मोजता जुना दाखला चालवणे म्हणजे पुराच्या आधीच्या सातबाऱ्यावर वाहून गेलेले शेत दाखवणे.

हे भयाचे बुजगावणे नाही. २००९ च्या ऑक्टोबरात जयपूरच्या तेल डेपोत पेट्रोल गळून वाफ पसरली, भडका उडाला, ११ माणसे गेली. ठिणगीच्या ज्या शक्यता चौकशीत पुढे आल्या, त्यांत ज्वालारोधक नसलेले विजेचे सामान ही एक होती. २०१७ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग विझवायला काही दिवस लागले. तिथे अग्निशमनाच्या बोटी पोचल्या. आमच्या घाटाखाली कोण पोचणार आहे?

काहीजण आम्हाला टोमणा मारतात, “तुम्ही लायसन्स-परमिटच्या विरुद्ध बोलता, मग वायरमनच्या परमिटचा आग्रह कशाला?” उत्तर सरळ आहे. शेतकऱ्याने माल कोणाला विकावा, कुठे न्यावा, हे ठरवणारे परमिट म्हणजे लूट. हाताला काम येते की नाही हे सांगणारे परमिट म्हणजे राखण. पण तेही परमिट भाड्याने मिळू लागले, तपासणारा फिरकेनासा झाला, की राखणीचीही लूट होते. मालक पैसे मोजतो कागदाचे, आणि पोरगा उभा राहतो उघड्या टाकीवर.

त्या गावच्या पोराला आम्ही दोष देत नाही. त्याच्या हातात कला आहे. त्याला परीक्षेला बसवा, परमिट द्या, त्याच्या नावावर काम द्या आणि मजुरीही परमिटवाल्याची द्या. आज त्याच्या घामावर दुसऱ्याची सही दाम खाते.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही हे ठराव मांडणार आहोत. एक, प्रत्येक टाकीची अर्थिंग मे महिन्यात आणि पूर येऊन गेल्यावर पुन्हा मोजली जावी. दोन, आकडा, तारीख आणि मोजणाऱ्याचा परमिट क्रमांक पंपावर मराठीत, सर्वांना दिसेल असा रंगवावा. तीन, चिमटा लावल्याशिवाय टँकर रिकामा करायला नकार देणाऱ्या कामगाराची रोजी कापता येऊ नये. चार, हातकाम येणाऱ्या तालुक्यातल्या पोरांसाठी परमिटच्या परीक्षेची तयारी तालुक्यातच व्हावी.

आपलेही घर झाडू या. पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून एसटीत पायाशी ठेवणे बंद करा. धातूचा डबा वापरा, भरताना तो गाडीवर नको, जमिनीवर ठेवा, नळीचे तोंड डब्याला टेकवा. बिगरविक्रीचे पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, हेही ध्यानात असू द्या.

बैठकीला येताना आपल्या वाटेवरच्या पंपाजवळ थांबा आणि एकच प्रश्न विचारा, “खड्डा दाखवता का?” फाईल पुढे केली तर ती हातात घेऊ नका. आधी झाकण उचलायला सांगा.