प्रसंगाची जागा

कादंबरीच्या प्रसंगयोजनेचा विषय निघाला की आपल्या वर्गांतून पहिल्यांदा कार्यकारणभाव येतो. एका प्रसंगातून दुसरा निघावा, संघर्ष चढत जावा, कळस गाठावा. या मापाने मोजले की मराठीतल्या कितीतरी चांगल्या कादंबऱ्या ‘सैल’ ठरतात, ‘प्रसंगांची माळ’ ठरतात, आणि हा शेरा उत्तरपत्रिकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. माझ्या मते तो आळशी शेरा आहे. प्रसंगातून प्रसंग निघतो की नाही, एवढेच पाहून भागत नाही. एखाद्या प्रसंगाशी पोहोचेपर्यंत वाचकाच्या मनात काय जमा झालेले असावे, याचा विचार म्हणजे योजना.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा भरू लागते, माणसे ओळखीची होतात, मग सगळे मिळून तालीम बांधतात. पुढे पाऊस पडत नाही आणि वाडी उठून जाते. तालमीमुळे काही दुष्काळ पडत नाही. कार्यकारणाचा दोरा इथे शोधून सापडणार नाही. पण तालमीचे प्रकरण दुष्काळानंतर टाकून पाहा. ती संकटातून सावरलेल्या गावाची, काहीशी उपदेशपर गोष्ट होईल. आधी एकेका माणसाची ओळख, मग त्या सुट्या माणसांचे गाव होणे, मग त्या गावाचे रिकामे होणे, असा क्रम आहे म्हणूनच शेवटी लेखकाला शब्द फार खर्चावे लागत नाहीत. कोणत्या घरात कोण राहत होते, हे आपल्याला ठाऊक असते. याला सैल म्हणायचे तर घट्ट कशाला म्हणावे?

‘कोसला’चेही (1963) तसेच. मनीच्या मृत्यूपर्यंत पांडुरंगची थट्टेची भाषा आपल्या कानात बसलेली असते, म्हणून ती जिथे अपुरी पडते ती जागा कळते. हरिभाऊ आपट्यांना 1890 पासून ‘करमणूक’च्या अंकांचा हिशेब सांभाळावा लागे, तो व्यवहार निराळा. पुढच्या अंकापर्यंत वाचक धरून ठेवणे हीही योजनाच. पण हप्ते नसताना तिची नक्कल कशासाठी, हे मला उमगत नाही.

लिहिणाऱ्याला याचा उपयोग कसा, ते धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या उदाहरणाने पाहू. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 मध्ये सुरू झाली आणि पुढे येडशीवरून लातूरपर्यंत गेली. जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादला, स्टेशन नव्हते. तिथला माणूस गाडी धरायला येडशीला येई. 2007-08 मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, तो उस्मानाबादकडे वळवून.

यावर कादंबरी योजणारा विद्यार्थी बहुधा सनावळी मांडतो. तिच्यातून इतिहास निघतो, कधी बराही निघतो. त्याऐवजी जागा मांडाव्यात: स्टेशन, रामलिंगाचा घाट, सोलापूर-धुळे महामार्गावरचा फाटा. प्रत्येक जागी निदान दोनदा जावे, आणि दुसऱ्या खेपेला वाचकाला काय बदललेले दिसावे ते एका ओळीत टिपून ठेवावे. (कार्डांवर टिपायलाही हरकत नाही, माझा राग कार्डांवर नाही.) समजा, पहिल्या खेपेला स्टेशनाबाहेरचा चहावाला उस्मानाबादच्या एका वकिलाला उधारीवर चहा देतो. पुढे तोच चहावाला फाट्यावर उभा आहे आणि वकिलाची मोटार न थांबता निघून जाते. रुळांच्या रुंदीकरणावर वेगळे प्रकरण लिहायची गरजच उरत नाही.

राहिला रामलिंग. श्रावणातल्या गर्दीत, जिथे जटायूची कथा सांगितली जाते त्या देवळाच्या पायऱ्यांवर, चहावाला वकिलाकडे जुनी उधारी मागतो. हा प्रसंग कादंबरीच्या आरंभीच टाकला तर चहावाला लोभी दिसेल, स्टेशनानंतर टाकला तर हक्काचा माणूस, आणि फाट्यानंतर टाकला तर अडलेला.