चेहऱ्याला रंग नको, उजेड द्या

ट्रॅडिशनल डे असो, फेअरवेल असो की पदवीदान समारंभ, संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा ढीग पडतो. एकदा ते सगळे फोटो सलग बघा. नऊवारीचे रंग वेगळे, फेट्यांचे रंग वेगळे, चेहऱ्यांचा रंग मात्र बहुतेक सगळ्यांचा एकच. सावळी मैत्रीण गव्हाळ झालेली, गव्हाळ मित्र गोरा झालेला, आणि जो मुळात गोरा होता त्याचं नाकच दिसेनासं झालेलं. गालावरचा तीळ नाही, कपाळावरची लहानपणची खूण नाही. खाली कमेंट काय? ‘कडक यार, काय एडिट केलंय!’ म्हणजे कौतुकही एडिटचंच.

आज जवळपास प्रत्येक कॉलेजात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे चार-पाच जण सापडतात. कुणाचं इन्स्टावर फोटोग्राफीचं वेगळं पेज असतं, कुणी लग्नसराईत मोठ्या फोटोग्राफरचा असिस्टंट म्हणून जाऊन पॉकेटमनी काढतो. चांगलंच आहे. पण पोर्ट्रेट सुधारायचं म्हटलं की यांची चर्चा दोनच गोष्टींवर येते: नवी लेन्स आणि नवा प्रिसेट. आमचं म्हणणं साधं आहे. पोर्ट्रेट सुधारतं ते उजेडाने आणि समोरच्या माणसाशी नीट वागण्याने. यातलं काहीच जमलं नाही की माणसाला गोरं करून वेळ मारून नेली जाते.

गोऱ्या रंगाचा हा हट्ट फक्त माणसांच्या डोक्यात नव्हता, तो यंत्रातही होता. रंगीत फिल्मच्या काळात प्रिंट काढणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक एक नमुना-फोटो पाठवायची. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कार्डावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा नीट दिसली की मशीन बरोबर! त्यामुळे काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे प्रिंटमध्ये कित्येकदा नुसते गडद डाग व्हायचे. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट उतरत नाहीत, अशी तक्रार चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केल्यावर सुधारणा झाली, असं कोडॅकमधल्याच जुन्या लोकांनी नंतर सांगितलं. गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सगळ्या वर्णांची त्वचा खरी दिसावी म्हणून ‘रिअल टोन’ आणलं ते २०२१ मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी, २०२० मध्ये, ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला होता. क्रीमचं नाव बदललं. आपल्या एडिटिंग ॲपमधला स्लायडर मात्र तिथेच आहे.

‘सावळ्या चेहऱ्याचा फोटो चांगला येतच नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी सेदू केयताचे फोटो शोधून बघावेत. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात त्याने १९४८ मध्ये स्टुडिओ टाकला. त्याची बहुतेक पोर्ट्रेट्स त्याने अंगणातल्या दिवसाच्या उजेडात काढली. पाठीमागे पडदा म्हणून सुरुवातीला चक्क पलंगावरची चादर. फिल्म महाग, म्हणून बहुधा एका माणसाचा एकच फोटो. तरी त्या काळ्याभोर चेहऱ्यांवरची गालाची गोलाई, कपाळावरची चमक, नजरेतला रुबाब सगळं स्पष्ट दिसतं. ते फोटो पुढे जगभरातल्या म्युझियममध्ये पोचले. साधनं कमी होती, पण उजेड त्याला कळत होता.

तो उजेड आपल्याही कॉलेजात फुकट आहे. भर दुपारी ग्राउंडवर माणूस उभा केला की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडणारच. त्यालाच चार पावलं आत, व्हरांड्याच्या कडेला आणा आणि चेहरा बाहेरच्या बाजूला वळवा. फरक लगेच दिसेल. वर्गात काढत असाल तर ट्यूबलाइट बंद करा, कारण खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड वेगळ्या रंगाचा असतो आणि दोन्ही मिसळले की त्वचेवर हिरवट-पिवळट झाक येते. मग माणसाला मोठ्या खिडकीजवळ थोडं तिरकं बसवा. सावलीतल्या गालाच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा पांढरा चार्ट पेपर धरा, झाला रिफ्लेक्टर. सावळ्या त्वचेवर चेहऱ्याचा आकार दिसतो तो त्वचेवरच्या चमकेमुळे. खिडकीसारखा मोठा उजेड ती चमक मऊ पसरवतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश थेट मारला तर कपाळावर नुसता पांढरा ठिपका येतो.

दुसरी गोष्ट एक्सपोजरची. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. मागे पांढरी भिंत किंवा अंगात पांढरा कुर्ता असेल तर तो फोटो गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. दोष चेहऱ्याचा नसतोच. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस घ्या आणि उजेडाची पट्टी हळूच वर सरकवा. उलट, सावळ्या चेहऱ्यानेच पूर्ण फ्रेम भरली असेल तर कॅमेरा उजेड जास्त घेतो. तेव्हा पट्टी थोडी खाली आणा, म्हणजे खरा रंग परत येईल.

ग्रुप फोटोतही हाच नियम उपयोगी पडतो. उजेडाचा स्रोत छोटा असेल, समजा एखादा एलईडी दिवा, तर अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून दोन मित्रांमध्ये जो जास्त सावळा आहे त्याला दिव्याच्या जवळ उभं करा. दोघेही नीट दिसतील, कुणालाच रंगवावं लागणार नाही.

आणि लेन्स? फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान बारीक दिसतात. मग लोक नाकही एडिट करतात! दोन पावलं मागे या आणि २ एक्स वापरा. कॅमेरा असेल तर साधी ५० एमएम, एफ १.८ लेन्स पुरे. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि माणसाला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणा. एवढ्यावर बऱ्याच जणांचं निम्मं एडिटिंग वाचेल.

आता यावर नेहमीचं उत्तर येतं: ‘पण समोरच्यालाच गोरं दिसायचं असतं ना!’ काही वेळा ते खरंही असतं. लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो काढायला आलेल्या मुलीवर घरातून, नातेवाइकांकडून किती दडपण असतं हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या फोटोचं काय करायचं हे तिनेच ठरवायला हवं. पण बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. फोटोग्राफर मनानेच ठरवतो की हिला उजळ करायला हवं, आणि स्लायडर ओढून मोकळा होतो. त्या मुलीला कळतं काय? की तू आहेस तशी दाखवण्यासारखी नाहीस. विशीतल्या माणसाला हे सांगणं ही साधी बाब नाही, आणि सांगणारा तिच्याच वर्गातला असतो. आधी चांगल्या उजेडात काढलेला, न रंगवलेला फोटो तिला दाखवा. मग विचारा. अनेकांनी स्वतःचा तसा फोटो कधी पाहिलेलाच नसतो.

पैसे घेऊन काम करणाऱ्यांसाठी तर हे विचारणं कामाचाच भाग आहे. किती फोटो देणार, कधी देणार, पैसे किती आणि एडिटमध्ये काय-काय करणार, हे शूटच्या आधी एका मेसेजमध्ये लिहून घ्या. एक सोपा नियम पाळता येतो: चार दिवसांत जाणारी पुटकुळी काढली तर चालेल, पण तीळ, व्रण आणि त्वचेचा रंग विचारल्याशिवाय बदलायचा नाही. आणि फोटो आपल्या पेजवर टाकण्याआधी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. हे कितीतरी हौशी फोटोग्राफरांच्या गावीही नसतं. पोर्टफोलिओसाठी फोटो वापरायचा असेल तर तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.

फेस्टचा सीझन तोंडावर आहे. प्रत्येक कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबने यंदा एवढंच ठरवावं: अधिकृत फोटोंमध्ये कुणाचाही रंग विचारल्याशिवाय बदलायचा नाही, आणि नव्या मेंबरला एडिटिंग ॲप शिकवण्याआधी एक दुपार खिडकीजवळ बसवून उजेड शिकवायचा. खर्च शून्य. लागेल तो एक पांढरा चार्ट पेपर आणि समोर बसायला तयार असलेला एक मित्र.