सोर्स दिला, पण कृती कुठाय?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या शाळेत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत जुने कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, म्हणून जुन्या मशीनवर ते सरळ बसत नाही. तेव्हापासून इथं गडहिंग्लजात माझ्या रिपेअरीच्या टेबलावर एकच प्रश्न येतोय : "मशीन चांगलं चालतंय, मग भंगारात का घालायचं?" मी सांगतो, घालू नका, लिनक्स टाका. फुकट आहे, मुक्त आहे, सोर्स कोड सगळ्यांना उघडा आहे.

हे शेवटचं वाक्य मी वीस वर्षं छातीठोकपणे म्हणत आलोय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते माझ्याच घशात अडकलं.

झालं असं. एका शाळेच्या लॅबमधली काही मशीन ३२ बिटची निघाली. डेबियन हे लिनक्समधलं सगळ्यात भरवशाचं घर. त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिच्यात ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. मागची आवृत्ती अजून काही वर्षं चालेल, पण पुढं काय? दुकानात येणारी इंजिनिअरिंगची दोन पोरं म्हणाली, "सर, सोर्स उघडा आहे ना? मग आपल्या मशीनपुरतं आपणच बांधू की!" मला अभिमान वाटला. जुन्या मशीनसाठी म्हणून चालवलेली एक मुक्त प्रणाली त्यांनी निवडली (नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा रोग एकट्या तिचा नाही). सोर्स उतरवून घेतला आणि बांधणीची पुस्तिका उघडली.

पुस्तिका दीड पानाची. पहिली ओळ : आवश्यक साधनं बसवून घ्या. कोणती? त्यांची कोणती आवृत्ती? गप्प. दुसरी ओळ : सोर्सच्या फोल्डरात जाऊन बिल्डची आज्ञा द्या. डिस्कवर जागा किती लागेल? गप्प. मेमरी किती? गप्प. किती वेळ लागेल? गप्प. सहा तास मशीन तापलं आणि शेवटी पडद्यावर एकच शब्द आला : 'किल्ड'. कुणी मारलं, का मारलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की मेमरी अपुरी पडली म्हणून कर्नलनंच कंपायलरला उडवलं होतं. मग लाईट गेली. अर्ध्यावर थांबलेली बांधणी तिथूनच पुढं न्यायची की सगळं पुसून पहिल्यापासून करायची, तेही लिहिलेलं नाही. चौथ्या दिवशी कसंबसं झालं.

आता मला सांगा, हा सोर्स 'उघडा' आहे म्हणजे नेमका कुणाला उघडा आहे?

आपल्या भागात गुऱ्हाळं सगळ्यांनी बघितलीत. ऊस तोच, काहील तीच, चुलवाण तेच. पण रसात भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, हे गुळव्याच्या डोळ्यात असतं. थंड पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो आणि "उतरवा" म्हणतो. गुळव्या आला नाही तर मालकाच्या दारात उसाच्या गाड्या उभ्या असूनही गूळ होत नाही. सोर्स कोड हा ऊस आहे. तो फुकट वाटला म्हणून गूळ वाटला असं होत नाही.

आणि ही माझी एकट्याची कुरकुर नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या कायद्यातच हे मान्य केलेलं आहे. लिनक्सचं कर्नल ज्या परवान्याखाली येतं त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९१ सालीच, लिहून ठेवलंय की 'संपूर्ण सोर्स' म्हणजे नुसता कोड नव्हे. त्याची बांधणी आणि बसवणी ज्या स्क्रिप्ट्सनी होते त्याही त्यात आल्या. म्हणजे कृती हा सोर्सचाच भाग. पण कायदा स्क्रिप्टपाशी थांबतो. ती स्क्रिप्ट माणसानं कशी चालवायची, अडलं तर काय करायचं, हे सांगण्याची सक्ती कुणावर नाही. आणि सक्ती नाही ते काम कुणी करत नाही.

इथं काही जण म्हणतील, "तयार आयएसओ मिळतो, पेनड्राइव्हवर टाका, बसवा. स्वतः बांधायचा उद्योग कुणी सांगितला?"

पहिलं उत्तर वर दिलंच : तुमच्या मशीनसाठी तयार आयएसओ काढणं उद्या कुणी बंद केलं की तुम्ही संपलात. दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ते जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दुरून लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि तो खणत गेला. दगा कुठं होता बघा. चोरीचा माल चाचणीच्या फायलींत लपवलेला होता, आणि तो बाहेर काढून जोडणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या बिल्डच्या फायलीत होती. म्हणजे हजार जणांनी उघडा कोड वाचला असता तरी ती ओळ त्यांना दिसली नसती. जे बांधलंय ते याच कोडातून बांधलंय का, हे तपासायचा रस्ता एकच : दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडं, पुन्हा बांधून बघणं. डेबियनची मंडळी २०१३ पासून याच्याच मागं आहेत : कुणीही, कुठंही बांधलं तरी बिट न् बिट तेच निघालं पाहिजे. पण पुन्हा बांधता येणारी माणसं जगात चारच असतील तर तपासणारेही चारच. कृती नीट लिहिलेली नसणं ही नुसती गैरसोय नाही, तिथं कुलूपच कच्चं राहतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. "आम्ही कोड वाचून शिकलो. ज्याला जमत नाही त्यानं या वाटेला येऊ नये." भले शाब्बास! ही मुक्तपणाची नव्हे, मक्तेदारीची भाषा झाली. नीट लिहिता येत नाही असंही नाही. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच या पुस्तकात सगळी प्रणाली शून्यातून उभी करायला शिकवतात. प्रत्येकाचं मशीन वेगळं, मग वेळ कसा सांगायचा? त्यांनी युक्ती काढली : पहिलं पॅकेज बांधायला तुमच्या मशीनला जेवढा वेळ लागला तो एक एकक, आणि पुढच्या प्रत्येक पॅकेजपुढं किती एककं लागतील ते लिहिलेलं. जुनं डबडं असो की नवं मशीन, माणसाला आपला हिशेब कळतो. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात बांधणीचा क्रम दिलाय आणि त्यात शहाणपण आहे : आधी नवं कर्नल बसवा, मशीन पुन्हा चालू करा, ते नीट चाललं तरच बाकीची प्रणाली बसवा. कर्नल बिघडलं तर जुन्यावर परत येता येतं. ही दोन वाक्यं लिहायला दहा मिनिटं लागतात. न लिहिल्यामुळं कुणाचे तरी चार दिवस जातात.

तिसरा आक्षेप : "आता एआयला विचारा की." पोरांनी विचारलं. जे कुठं लिहिलेलं होतं ते त्यानं छान सांगितलं. जिथं कुणीच काही लिहिलेलं नव्हतं तिथं त्यानं अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून दिलं. विहिरीत नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

चौथा : "मराठीत कशाला? कमांड इंग्रजीच असतात." कमांड राहू द्यात इंग्रजी. पण ही पायरी का, ती चुकली तर काय दिसेल, तेव्हा घाबरायचं की नाही, हे आपल्या भाषेत सांगितलं तर कडगाव-नेसरीचं पोरगंही धाडस करतं. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी आहे. आपल्याच माणसांनी बसून ते भाषांतर केलंय. म्हणजे वापरण्यापुरती मराठी आली, बांधण्यापर्यंत आली नाही. गिऱ्हाईक मराठी, कारागीर मात्र नाही, असंच का?

सरकारलाही एक शब्द. २०१५ साली केंद्र सरकारनं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण काढलं. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली २००७ पासून आहे. केरळनं सरकारी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती चालवून दाखवली. चांगलंच आहे. पण यापुढं जनतेच्या पैशातून कोणतीही 'स्वदेशी' प्रणाली घेताना एकच अट घाला : ती बनवणाऱ्यांशी संबंध नसलेल्या माणसानं, कोऱ्या मशीनवर, फक्त पुस्तिका वाचून ती पुन्हा बांधून दाखवावी. दाखवता आली तर आपली. नाही आली तर तिच्यावर झेंडा लावा की आणखी काही, ती भाड्याचीच.

आता खरं बोलायचं ते बोलतो. एवढा वेळ मी दुसऱ्यांवर ओरडलो. चौथ्या दिवशी ती बांधणी झाली तेव्हा पोरांनी सेल्फी काढली, भडंग खाल्लं आणि घरी गेली. मी विचारलं, "कुठं लिहून ठेवलंय का रे?" म्हणाली, "लक्षात आहे सर." महिन्याभरानं दुसऱ्या मशीनवर करायला बसलो तर तिघांनाही तिसरी पायरी आठवेना. पुन्हा दोन दिवस गेले. आणि पोरांना काय बोलणार? वीस वर्षांत मी स्वतः किती गोष्टी दुरुस्त केल्या आणि किती लिहून ठेवल्या? एक वही नाही माझी. मीही गुळव्याच.

प्रणाली बनवणारी बहुतेक माणसं बिनपगारी राबतात. त्यांना पायऱ्या पाठ असतात, म्हणून त्यांना खड्डे दिसतच नाहीत. खड्डा दिसतो तो पहिल्यांदा चालणाऱ्याला. म्हणजे हे काम त्यांचं कमी आणि आपलं जास्त. ज्याला ठेच लागली त्यानंच दगड दाखवायचा.

म्हणून आपल्या तालुक्यातल्या इंजिनिअरिंगच्या, बीसीएच्या, कॉम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापकांना विनंती. दरवर्षी शेवटच्या वर्षाला तेच ते 'लायब्ररी मॅनेजमेंट' आणि 'हॉस्पिटल मॅनेजमेंट'चे प्रोजेक्ट छापून घेण्यापेक्षा एका गटाला एवढंच द्या : एक मुक्त प्रणाली सोर्समधून बांधा, जिथं अडाल ते लिहा, दुरुस्त पुस्तिका मराठीत आणि इंग्रजीत करा, इंग्रजीतली मूळ प्रकल्पाला पाठवा. परीक्षा घ्यायची तर पुस्तिका खालच्या वर्गातल्या पोराच्या हातात द्या आणि गटाला वर्गाबाहेर बसवा. त्याला न विचारता बांधता आलं तर पास.

माझ्याकडून सुरुवात केलीय. दुकानात एक कोरं मशीन ठेवलंय, चार जीबी मेमरीचं, मुद्दाम जुनंच. शेजारी दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर आमच्या चौथ्या दिवसापर्यंतच्या चुका लिहिल्यात, तारखेसकट. कुणीही या, वहीप्रमाणं करून बघा, जिथं अडाल तिथं लिहा. पेन दोरीनं बांधलाय, तेवढा नेऊ नका.