विश्लेषण : जोडीने सुरू केलेल्या गेममध्ये एकाचीच लेव्हल पुढे का पळते?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये जोडीने नवे पात्र सुरू करणे सोपे असते. ते जोडीनेच शेवटपर्यंत नेणे कठीण. पहिल्या रात्री दोघेही लेव्हल १ वर असतात. समजा, पंधरा दिवसांनी एक जण २८ वर पोहोचला आणि दुसरा १७ वरच राहिला. मग ‘आज खेळायचं का?’ या प्रश्नाला ‘तू खेळ, मी झोपते’ असे उत्तर येऊ लागते. तिची आवड संपली, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याआधीच गणित बिघडलेले असते. ते गणित समजून घेतले तर खेळ वाचतो आणि रात्रीची कुरबुरही टळते.

एक्सपीचा हिशेब कसा चालतो?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला गेम या प्रकारातला सर्वांत परिचित. त्याची जुन्या नियमांची ‘क्लासिक’ आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यात लेव्हल ६० पर्यंतचा प्रवास मुद्दाम संथ आहे.

यात शत्रू मारला की अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी मिळतात. एकट्याने मारला तर १०० गुण मिळत असतील, तर समान लेव्हलच्या दोघांनी मिळून मारल्यास प्रत्येकाला ५० मिळतात. वरवर हा तोटा वाटतो. पण दोघे मिळून शत्रू निम्म्या वेळात पडतो, मरण्याची भीती कमी होते आणि एकट्याला न झेपणारी कामे हाती घेता येतात. शिवाय क्वेस्ट पूर्ण केल्याचे गुण विभागले जात नाहीत, ते प्रत्येकाला पूर्ण मिळतात. ‘दहा लांडगे मारा’ अशा क्वेस्टमध्ये एकच शिकार दोघांच्याही खात्यात मोजली जाते. ‘दहा कातडी आणा’ म्हटले की मात्र बहुधा वीस गोळा करावी लागतात. म्हणून जोडीने खेळणाऱ्यांनी मारण्याच्या क्वेस्ट आधी घ्याव्यात आणि गोळा करण्याच्या नंतर.

लेव्हलमध्ये अंतर पडले की काय होते?

समान लेव्हल असेपर्यंत हा हिशेब न्याय्य असतो. अंतर पडले की तो मागे राहिलेल्याच्या विरोधात जातो. क्लासिकमध्ये गटातील गुण लेव्हलच्या प्रमाणात वाटले जातात, म्हणजे मोठ्याला मोठा वाटा. शत्रू मोठ्या खेळाडूच्या मानाने फारच किरकोळ असेल, तर लहान खेळाडूलाही काही मिळत नाही. म्हणजे पुढे गेलेला जोडीदार मदतीला आला की मागच्याची प्रगती उलट मंदावते. ‘मी आहे ना सोबत’ हे वाक्य इथे अक्षरशः महागात पडते.

हे अंतर दुष्टपणातून पडत नाही. दोघे रोज रात्री तासभर एकत्र खेळतात. त्यानंतर एक जण ‘फक्त ही एक क्वेस्ट’ म्हणत आणखी पाऊण तास बसतो. दुसऱ्याला सकाळचा डबा असतो, बाळाला निजवायचे असते किंवा पहिल्या शिफ्टची बस पकडायची असते. ज्याच्याकडे मोकळा वेळ जास्त, त्याची लेव्हल जास्त. घरकामाची वाटणी जशी असते, तशीच ती स्क्रीनवर आकड्यांत उतरते. म्हणून लेव्हलमधील फरकावरून होणारे भांडण बरेचदा गेमचे नसते. कोणाचा वेळ मोकळा मानला जातो, या प्रश्नावरचे ते भांडण असते.

कंपन्यांनी कोणते उपाय केले?

पहिला उपाय सुरुवातीपासूनचा आहे. पात्र सराईत किंवा शहरात ठेवून खेळ बंद केला की ‘विश्रांतीचे’ गुण साठतात. दर आठ तासांना एका लेव्हलच्या ५ टक्के या गतीने ही साठवण जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत जाते. ती संपेपर्यंत शत्रू मारल्यावर दुप्पट गुण मिळतात. कमी वेळ खेळणाऱ्याला यातून थोडा हात मिळतो. मात्र क्वेस्टच्या गुणांना हा लाभ नसल्याने मोठे अंतर भरून निघत नाही.

२००८ मध्ये मित्राला गेममध्ये आणण्याच्या योजनेत, दोघे सोबत खेळल्यास ठरावीक लेव्हलपर्यंत तिप्पट एक्सपी मिळू लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुख्य आवृत्तीत ‘पार्टी सिंक’ आले. त्यात पुढचा खेळाडू तात्पुरता मागच्याच्या लेव्हलला उतरतो आणि दोघांना एकच क्वेस्ट करता येते. २०१२ मधील ‘गिल्ड वॉर्स २’ने हा प्रश्न मुळातच सोडवला होता. तिथे कमी लेव्हलच्या प्रदेशात शिरताच खेळाडूची ताकद आपोआप खाली येते आणि खाणीतील धातूसुद्धा प्रत्येकाला वेगळा मिळतो.

‘फायनल फँटसी १४’चा नमुना गमतीचा आहे. या गेममध्ये दोन पात्रांचा विवाहसोहळा करता येतो, जोडीदाराजवळ क्षणात पोहोचवणारी अंगठीही मिळते. पण मुख्य कथेतील काही लढाया एकट्यानेच लढाव्या लागतात. लग्न लागलेली जोडीही तिथे दाराशी वेगळी होते. अशा वेळी एकाने पुढे न पळता दुसऱ्याची लढाई संपेपर्यंत थांबणे, एवढाच उपाय उरतो.

‘मी तुला पुढे आणतो’ यात चूक काय?

अंतर पडले की अनुभवी जोडीदार हमखास एक तोडगा सुचवतो : ‘माझ्या मोठ्या पात्राने तुला डंजनमधून फिरवतो, तू फक्त मागे उभी राहा.’ पैसे मोजून लेव्हल वाढवून घेण्याची सोयही ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०१४ पासून आहे.

दोन्हींत आकडा वाढतो, खेळ येत नाही. लेव्हल वाढवण्याचा प्रवास हाच या गेमचा अभ्यासक्रम असतो. काही लेव्हल गेल्या की एखादे नवे कौशल्य हाती येते, ते वापरता येईपर्यंत पुढचे येत नाही. हा टप्पा गाळून थेट वर पोहोचलेल्या नवख्यासमोर डझनभर बटणे एकदम उभी राहतात. मग जोडीदाराच्या सूचना सुरू होतात आणि सूचनांचा सूर लवकरच साहेबी होतो. ‘मला जमत नाही’ हा निष्कर्ष तिथे तयार होतो.

दुसरी सवय भूमिकांची. मार झेलणारा टँक, जखमा भरणारा हीलर आणि हल्ला करणारा डॅमेज, अशा तीन भूमिका असतात. नव्याने आलेल्या बायकोला किंवा मैत्रिणीला न विचारता हीलर केले जाते, म्हणजे ती त्याच्या मागे राहून त्याला जिवंत ठेवील. तिला हीलिंग आवडत असेल तर प्रश्नच नाही. पण पुढे होऊन तलवार चालवण्याची हौस तिलाही असू शकते. एकाने टँक आणि दुसऱ्याने हीलर घेतल्यास पाच जणांच्या डंजनसाठी गट लवकर मिळतो, कारण याच दोन भूमिकांचा तुटवडा असतो. कोणी कोणती घ्यायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा ३४९ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच जण खेळत असलेल्या घरांत सुमारे ७५ टक्के जोडीदारांची इच्छा होती, की त्याने गिल्डपेक्षा संसारात अधिक लक्ष घालावे. दोघेही खेळत असलेल्या जोडप्यांत ७६ टक्क्यांनी खेळाचा नात्यावर चांगला परिणाम होतो, असे सांगितले. त्रास तासांच्या संख्येपेक्षा खेळावरून होणाऱ्या वादांचा आणि वेगवेगळ्या वेळी झोपण्याचा अधिक होता.

हा अभ्यास जोडप्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारित आहे. ज्यांचे मुळात पटते तेच एकत्र खेळत असतील, हीही शक्यता आहे. म्हणून गेम सुरू केला की संसार सुधारतो, असा अर्थ त्यातून काढू नये.

मग जोडीने काय करावे?

सर्वांत सोपा नियम म्हणजे जोडीचे पात्र वेगळे ठेवणे. हे पात्र फक्त दोघे हजर असतानाच उघडायचे. एकट्याला खेळायची हुक्की आली तर त्याने दुसरे पात्र काढावे, तिथे हवे तेवढे पळावे. यात अंतर पडायला जागाच राहत नाही. खेळ थांबवताना दोन्ही पात्रे सराईत ठेवली की विश्रांतीचे गुणही बरोबरीने साठतात.

खेळ थांबवण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती लवकर उठावे लागणाऱ्याने ठरवावी. क्वेस्टचा मजकूर वाचायला दुसऱ्याला वेळ द्यावा. पाठ असलेला रस्ता आधीच सांगू नये.

या नियमाने लेव्हल ६० गाठायला जास्त महिने लागतील, हा आक्षेप खरा आहे. ज्याला लवकर पोहोचायचे आहे, त्याने एकट्याने जावे. त्यात गैर काही नाही. पण ‘आपण दोघे खेळतो’ असे म्हणायचे असेल, तर पात्राची गती कमी वेळ असलेल्याच्या वेळेनेच ठरली पाहिजे. आणि तो वेळ फारच कमी पडत असेल, तर सकाळच्या डब्याची वाटणी आधी बदलून पाहावी. एक्सपीच्या कोणत्याही सवलतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.